डब्यातला आवाज

घरात तिला तंद्री म्हणत. दूध गॅसवर ठेवून ती त्याच्यासमोरच उभी राहायची, डोळे उघडे, नजर दुधावर, आणि दूध तिच्या देखत उतू जायचं. मग आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबायचं आणि तोंडात टाचण्या धरलेली मोठी बहीण धावत यायची.

"अगं, तू इथेच होतीस ना?"

"इथेच आहे की."

"मग दूध वर येताना दिसलं नाही?"

"दिसलं ना. किती छान येत होतं."

टाचण्यांमुळे बहिणीला मनासारखं ओरडताही यायचं नाही. ती कपाळाला हात लावून फडकं शोधायला लागायची.

लहानपणापासूनच हे असं. टेबलावर चादर टाकून तंद्री खाली घर करायची. त्या घरात पुठ्ठ्याचं खोकं, ते दुसरं घर. खोक्यात काड्यापेटी, ते तिसरं. काड्यापेटीत कोण राहतं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आत्ता झोपलेत, नंतर या." मोठी झाली की हे खूळ जाईल, असं घरच्यांना वाटलं होतं. खूळ गेलं नाही. त्याला पगार मिळायला लागला.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला आवाजाची खोली होती. ज्यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं आणि त्यानंतर ज्यांचा आवाज परत यायचा नाही, अशी माणसं आधी इथे येऊन बोलून जात. पुढे ती हातातल्या छोट्या पाटीवर अक्षरं दाबत आणि पाटी त्यांच्याच आवाजात बोले. खोलीच्या भिंतींना करड्या स्पंजच्या लाद्या होत्या, खिडकीला दुहेरी काच, दाराच्या फटीला जाड कापड. आत पाऊल टाकलं की जग कुणीतरी रजईत गुंडाळल्यासारखं वाटे. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत यायचा आणि स्पंजच्या खाचाखाचांतून इतका सावकाश सरकायचा, की तंद्रीला वाटे, ही खोली पाण्याखाली आहे.

टेबलावर कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, जो हाताला लागत नाही पण स्वतःला अगदी खराखुरा समजतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आणि त्या मशीनच्या पोटात कंटेनर, म्हणजे एकेका कामाचे बंद डबे. एक डबा वाक्यातली खरखर काढायचा, दुसरा ते वाक्य तळघरातल्या मोठ्या सर्व्हरकडे धाडायचा. ज्याने हे सगळं उभं केलं त्याने तिला पहिल्या दिवशी फळ्यावर चौकोनात चौकोन काढून समजावलं होतं. तंद्री मान डोलवत राहिली. तिच्या डोक्यात चादर होती, खोकं होतं आणि काड्यापेटी होती.

अडचण एकच होती, कॉम्प्युटरच्या पंख्याची. एरवी तो कुणाला ऐकूही आला नसता, पण त्या खोलीत तो घोरायचा. त्यावर तंद्रीने स्वतःची रीत काढली. माणूस बोलत असेल तोवर ती कॉम्प्युटरला झोपवून ठेवायची. आवाज मायक्रोफोनशेजारच्या छोट्या रेकॉर्डरमध्ये साठायचा. बोलणं थांबलं की ती कॉम्प्युटरला उठवायची, साठलेली वाक्यं डब्यांत उतरायची आणि रेकॉर्डर आपोआप कोरा व्हायचा. एवढ्या शांततेत उतरलेला आवाज आपण कुठे ऐकला नाही, असं घशाच्या डॉक्टरीणबाई येईल त्याला सांगत. तंद्रीला त्याचा फार अभिमान होता.

त्या दिवशी जे काका आले, त्यांनी उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं होतं. नाव सांगायच्या आधीच ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अर्ध्या गावाचा क्लच माझ्या घशावर चालतो." म्हणून तंद्रीने मनातल्या मनात त्यांना क्लचकाका करून टाकलं. बरोबर काकू होत्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

काकूंनी येतानाच आखणी करून ठेवली होती. "आधी घरातली बोलणी घ्या. 'दार लाव', 'दिवा बंद कर', 'चष्मा कुठाय'. चष्मा दोनदा घ्या."

"दोनदा कशाला?" तंद्रीने विचारलं.

"एकदा साधा, एकदा चिडून. चिडल्याशिवाय सापडत नाही यांचा चष्मा."

"आणि तुझ्यावर ओरडायचं?" काका म्हणाले.

"ते घेऊ नका. त्याची सुट्टीच घेतलीय मी उद्यापासून."

काका हसले आणि हसता हसता खोकले. तंद्रीने हात वर केला. "काका, जपून. आज फक्त माइकपाशी बोलायचं. बाकी सगळं खुणेने."

सकाळ अशी गेली. काका बोलत, मग बराच वेळ डोळे मिटून दम घेत, कोमट पाणी पीत, पुन्हा बोलत. 'हळू, हळू, आरसा बघ.' 'तू जेवलीस का?' 'अरे, पुढे बस आहे ना!' त्यांचा दम जाऊ नये म्हणून तंद्री कॉम्प्युटरला लवकर उठवतच नव्हती. एकदा काकांनी काकूंना खुणेने बाहेर जायला सांगितलं. काकू "माझ्यापासून काय लपवायचंय आता!" म्हणत गेल्या, आणि काकांनी माइकच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी म्हटलं. तंद्रीने खिडकीकडे तोंड केलं होतं. शब्द तिला कळले नाहीत, एवढंच कळलं की बोलणारा माणूस फार तरुण होता.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर काकांचा आवाज संपला. ओठ हलत होते आणि नुसता वारा येत होता. डॉक्टरीणबाईंनी डोकावून घसा पाहिला आणि सांगितलं, "बास. आता याहून जास्त निघणार नाही." तंद्रीने कॉम्प्युटर उठवला, शेवटची वाक्यं आत उतरवून घेतली आणि किती पोचलं ते बघायला सर्व्हरची यादी उघडली.

यादीत अगदी सुरुवातीची वाक्यं होती. 'दार लाव.' 'दिवा बंद कर.' चष्मा साधा. चिडून म्हटलेला चष्माही नव्हता. पुढे काहीच नव्हतं.

तिने बघितलं, डबा चालू आहे का? चालू होता. सर्व्हरपर्यंत रस्ता मोकळा आहे का? मोकळा होता. जागा भरली का? निम्मीही नाही. डब्याने आपल्या कामाची जी नोंद ठेवली होती तिच्यात एकच ओळ खालपर्यंत होती, जिना उतरावा तशी: परवाना अजून लागू नाही. परवाना अजून लागू नाही. प्रत्येक वेळी वाक्य धाडायचं तर सर्व्हर डब्याला एक ताजा परवाना देई, आणि डबा तो हातात घेऊन दारातच उभा होता.

तिने तळघराला फोन लावला. तळघर म्हणजे सर्व्हर सांभाळणारा माणूस, फळ्यावर चौकोन काढणारा तोच. तो सारखा खालीच असायचा, म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला तळघर म्हणायचं आणि तोही फोन उचलून तसंच सांगायचा.

"तळघर बोलतोय."

"धाडणारा डबा अडलाय. परवाना लागू नाही म्हणतो."

"मग पाड आणि नवा उभा कर. अगं, कंटेनर असतात कशासाठी? पाडायसाठीच."

"आत आवाज आहे."

"म्हणजे?"

"न गेलेली वाक्यं सगळी आतच आहेत. रेकॉर्डर कोरा झालाय. आणि डबा थांबवला की तो स्वतःला पुसून टाकतो."

"असला आचरट नियम कुणी केला?"

"तुम्ही. कुणाचा आवाज मागे पडून राहू नये, नको त्याच्या हाती लागू नये म्हणून."

"बरोबरच केला होता रे मी," तो स्वतःशीच म्हणाला. "बरं, माणूस तिथेच आहे ना? परत बोलायला सांग."

तंद्रीने काकांकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर, नसलेल्या ब्रेकवर, घट्ट दाबलेला होता.

"आवाज राहिला नाही त्यांच्याकडे," ती म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे."

"मग मशीनलाही हात लावू नकोस. मशीन बंद झालं की डबेही गेले. मी शोधतो काहीतरी. तू फक्त... तू फक्त बस."

बसणं तंद्रीला जमायचं. फोन ठेवून ती त्या ओळीकडे बघत बसली. काकूंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "गेलं का गं सगळं?"

"गेलं नाही, काकू. आत आहे. पण बाहेर येत नाहीये."

"दार अडकलंय?"

"तसंच."

"मग लोहार बोलवा, सुतार बोलवा, काहीतरी करा ना! नुसतं काय बघताय?"

तंद्रीने ऐकलं की नाही कोण जाणे. तिची नजर 'अजून' या शब्दावर अडकली होती. अजून लागू नाही. मुदत संपली असं नव्हतं, खोटा आहे असंही नव्हतं. अजून. म्हणजे नंतर लागू होईल. दारात उभ्या असलेल्या त्या डब्याला वाटत होतं की हा परवाना पुढच्या कुठल्या तरी वेळेचा आहे, आणि ती वेळ यायची आहे. तो शहाण्यासारखा वाट बघत होता.

उन्हाचा चौकोन भिंतीवरून कधीच निघाला होता, आता तो काकूंच्या पदरावर होता. तंद्रीने मशीनला विचारलं, किती वाजले?

मशीनने सांगितलं, सकाळ.

ती त्या उत्तराकडे बघत राहिली. आत अजून सकाळ होती. तिने झोपवलं तेव्हा तेव्हा मशीनचं घड्याळ जिथल्या तिथे थांबलं होतं आणि उठवल्यावर तिथूनच पुढे चालू झालं होतं, मध्ये काही घडलंच नाही असं समजून. एरवी माणसं थोडं बोलून जात, झोप जेमतेम डुलकीएवढी असे आणि तेवढा फरक डबा पोटात घाली. संध्याकाळी ती सगळं बंद करायची, सकाळी मशीन बरोबर वेळेवर उठायचं. आज काका दम घेत बोलले होते आणि त्यांच्या प्रत्येक दमाबरोबर मशीन झोपून राहिलं होतं. तिच्याच शांततेने हा घोटाळा केला होता.

तिला राग यायला हवा होता. पण तिला त्या मशीनची कणव आली. दूध उतू गेल्यावर भानावर येणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिला वाटलं, आत त्या सकाळी एक कोमट पाण्याचा पेला अजून भरलेला असेल, काकू नुकत्याच बाहेर गेल्या असतील, काका माइककडे झुकत असतील आणि ते वाक्य अजून हवेत यायचं असेल.

"आत सकाळ आहे," ती म्हणाली.

"आत म्हणजे कुठे?" काकूंनी टेबलाखाली वाकून बघितलं.

"काकू, हे मशीन झोपलं तेव्हा सकाळ होती. त्याला अजून तसंच वाटतंय. झोपवलं मीच. माझी चूक आहे."

"अगं बाई! आमचे हेही रविवारी दुपारी झोपून उठले की शिकवणीला निघायची तयारी करतात," काकू म्हणाल्या. "मी नुसती सांगते, अहो, अजून आजच आहे."

काकांनी खुर्चीच्या हातावर चापट मारून निषेध नोंदवला.

तंद्रीने पुन्हा फोन लावला. तळघराने ऐकलं आणि हसायलाच लागला. "वेळ! हात्तिच्या! अगं, मग घड्याळ पुढे कर. डब्याचं नाही, मशीनचं. डबे मशीनचंच घड्याळ बघतात. एका ओळीची कमांड आहे, लिहून घे..." आणि एकदम थांबला. "थांब, थांब. दाबू नकोस."

"नाही दाबली."

"त्या डब्याला बराच वेळ कुणी हात लावला नाही तर तो काय करतो?"

"पुसून टाकतो स्वतःला."

"तोही माझाच नियम. तू सकाळवरून एकदम दुपारवर उडी मारलीस तर त्याला वाटेल, एवढा वेळ आपल्याकडे कुणीच फिरकलं नाही."

काका फोनकडे कान लावून बसले होते. त्यांनी तंद्रीच्या डोळ्यांसमोर हात धरला, तळवा खाली, आणि तो अगदी सावकाश वर उचलायला सुरुवात केली. मग डावा पाय उचलून दाखवला, तितक्याच सावकाश.

"काय म्हणतायत?" तिने काकूंना विचारलं.

"क्लच," काकू म्हणाल्या. "हळूहळू सोड म्हणतायत. एकदम सोडला की गाडी बंद पडते. मला शिकवताना बंद पडलेली गाडी त्यांनी शेवटी ढकलत घरी आणली होती, आणि रस्ताभर शिकवत होते!"

"थोडं थोडं पुढे न्यायचं," तंद्री फोनवर म्हणाली. "दर वेळी डब्याला हात लावायचा, म्हणजे त्याला कळेल की मी इथेच आहे."

"कर," तळघर म्हणाला. "मी खाली दार उघडून बसलोय."

तिने मशीनचं घड्याळ जरासं पुढे सरकवलं. मग डब्याला विचारलं, काय रे, ठीक ना? डबा म्हणाला, ठीक. तिने पुन्हा सरकवलं. पुन्हा विचारलं. काका शेजारी बसून तळवा वर नेत होते. ती घाई करायला लागली की तो हात हवेतच थांबायचा आणि तिची बोटंही थांबायची.

असा तो दिवस ती पुन्हा एकदा चालली, या वेळी एका झोपाळलेल्या माणसाचं बोट धरून. ही सकाळची वेळ, कॉरिडॉरमधून औषधांची गाडी गेली तेव्हाची. ही काकू बाहेर बसून खुर्च्यांवरची धूळ झटकत होत्या तेव्हाची. ही काका डोळे मिटून पडले होते आणि ती त्यांची छाती वरखाली होताना बघत होती तेव्हाची. इथे आवाज फाटायला लागला. इथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बास. झोपेत गेलेला तो सगळा वेळ मशीनच्या हवाली करताना तिला वाटत होतं, आपणही आयुष्यातले बरेच तुकडे असे झोपेत ठेवून आलोय, आणि कुणी एवढ्या नेटाने पुढे आणलं तर तेही येतील. मध्येच डबा काही बोलेना. काकांचा पाय ब्रेकवर गेला. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. तंद्रीने पुन्हा विचारलं, अगदी हळू, जणू आवाजाने दचकेल. ठीक, डबा म्हणाला.

मग तिने शेवटचं सरकवलं. आत दुपार झाली.

डब्याच्या नोंदीतला जिना थांबला. एक क्षण काहीच नाही. मग एक नवी ओळ, मग आणखी एक.

फोनमधून तळघर ओरडला, "आलं! चष्मा आला. बापरे, केवढा चिडलाय हा माणूस!"

"तो सापडत नाही ना, म्हणून," तंद्री म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"'आरसा बघ' आलं. 'पुढे बस आहे ना' आलं... अगं, येतायत, रांगेने येतायत. हे एक फार हळू आवाजातलं आहे, ऐकून बघू का, नीट आलंय का?"

काकांनी खुर्चीतून झेप घेऊन दोन्ही हात हलवले.

"नको," तंद्री फोनवर घाईघाईने म्हणाली. "ते असू दे. लांबी बघा फक्त, पूर्ण आहे ना?"

"पूर्ण आहे."

"कुठलं ते?" काकूंनी विचारलं. "अहो, कुठलं? मला बाहेर पाठवून बोललात ते? काय बोललात? माझ्याविषयी तक्रार केलीत ना?"

काका नुसते बघत होते. काकूंकडे नव्हे, तंद्रीकडे, आणि भुवयांनी विचारत होते: सगळं?

तंद्रीने यादी शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा वरपासून पाहिली. मग म्हणाली, "सगळं पोचलं, काका. एकही राहिलं नाही." आणि ते तिच्याकडे बघतच राहिले तेव्हा तिला सुचलं ते ती बोलली, "आता जपायचं काही उरलं नाही. जो काही आवाज असेल तो खर्च करून टाका."

काकांनी पेल्यातलं पाणी संपवलं. घसा खाकरला. एवढ्या विश्रांतीने जेमतेम परतलेल्या, फाटक्या, खरखरीत, निम्म्या वाऱ्याच्या आवाजात ते म्हणाले, "चल गं. खाली चहा घेऊ."

"चहा? आणि पथ्य?"

"पथ्य रात्रीपासून आहे."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनी. तू तेव्हा सिस्टरला तिचं काम शिकवत होतीस."

दार उघडून दोघं कॉरिडॉरमध्ये गेले. एरवी तंद्री दार लगेच लावून घ्यायची, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. आज तिने ते उघडंच ठेवलं आणि चौकटीला टेकून उभी राहिली. काका बोलत होते. लिफ्ट नको, जिन्याने जाऊ, म्हणत होते. रिक्षावाल्याने सकाळी गिअर कसा चुकीचा टाकला ते सांगत होते, काकूंनी पर्स कुठे ठेवली ते विचारत होते, आणि काकू प्रत्येक वाक्याला उत्तर देत होत्या, एकही न सोडता. शब्द कळेनासे झाले तरी आवाज येत राहिला, वाळूवरून पाणी ओसरावं तसा, मग वळणापलीकडे गेला. तंद्री कान देऊन उभी होती. टेबलावर फोनमधून तळघर हाका मारत होता, "अगं, आहेस का? आहेस का तू तिथे?"